आधी माणसं सांगा

मधुभाऊ कोणाच्या घरी डिश लावायला गेले, की आधी त्या घरातल्या आजारी माणसाच्या खाटेवर आडवे होत. छतावर नंतर चढत. चपला दाराशी काढायच्या, खांद्यावरची वायरची गुंडाळी खाली ठेवायची आणि विचारायचं, “घरी कोण पडून असते?” पडून असणारं कोणी नसेल, तर म्हातारं माणूस कुठं बसतं ते विचारायचं आणि नेमकं तिथंच जाऊन बसायचं. आमच्या मूल गावात डिश लावणारे आणखी तिघेचौघे होते. ते वेगानं काम करून जात. पण ज्यांच्या घरी एकदा मधुभाऊ येऊन गेले, ते दुसऱ्याला बोलवत नसत.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा बाबांना अर्धांगवायू होऊन चार महिने झाले होते. बाबा वनरक्षक होते. सगळी नोकरी पायी चालण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावरही सकाळी तळ्यापर्यंत जाऊन आल्याशिवाय ते चहा घेत नसत. त्या माणसाची उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि मागच्या खोलीतली एक खाट तेवढी उरली. धाकटा भाऊ प्रशांत म्हणाला, आता घरात खोलीखोलीत टीव्ही असू दे, बाबांचा वेळ जाईल. मी तेव्हाही इथंच, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. रविवार बघून मधुभाऊंना बोलावलं. त्यांनी दहाची वेळ दिली होती, आणि भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजत असतानाच फाटक वाजलं.

आईनं बाबांना नुकतंच खुर्चीत बसवलं होतं. खाट रिकामी होती. मधुभाऊंनी सरळ जाऊन त्या खाटेवर अंग टाकलं आणि बाबांची उशी मानेखाली ओढून घेतली. प्रशांतचा चेहरा लाल झाला.

“अहो, काय करून राह्यले तुम्ही?”

“टीव्ही कुठी लावता?” मधुभाऊंनी पडल्या पडल्या विचारलं.

प्रशांतनं कपाटाच्या शेजारची भिंत दाखवली. तिथं त्यानं आधीच खिळे मारून ठेवले होते.

“इथून थे भिंत दिसत नाई,” मधुभाऊ म्हणाले. “इथून पंखा दिसते अन् कपाटाचं टोक दिसते. आबा चार महिन्यांपासून पंखाच पाहून राह्यले असन.”

आई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. आम्ही तिघं दिवसातून पन्नास वेळा त्या खोलीत जात होतो. औषध, पाणी, जेवण, कपडे, सगळं वेळच्या वेळी करत होतो. पण बाबांना काय दिसतं, हे तिथं पडून बघावं असं आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नव्हतं.

त्या दिवशी टीव्ही कपाटाशेजारी लागला नाही. खिडकीकडच्या भिंतीवर, जरा खाली, खाटेच्या पायथ्यासमोर लागला. पण त्याआधी तासभर खोक्यांवर चर्चा झाली. सेट टॉप बॉक्सला मधुभाऊ खोका म्हणत. प्रशांतनं सगळं मोबाईलवर वाचून ठेवलं होतं. त्याला पुढची खोली, बाबांची खोली आणि माडीवरची त्याची स्वतःची खोली अशा तिन्हीकडे एकसारखे, सर्वांत भारी खोके हवे होते. त्यानं “आमच्याकडे तीन टीव्ही आहेत,” अशी सुरुवात केली, तर मधुभाऊंनी हात वर केला.

“टीव्ही किती थे मंग सांगा. आधी माणसं सांगा. कोण काय पाह्यते, कोणाच्या संगं पाह्यते अन् कोणाच्या चोरून पाह्यते, थे सांगा. खोके आपोआप ठरतेत.”

आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. आईला स्वयंपाकघरात जुना छोटा टीव्ही चालू करून हवा होता, पण वेगळा खोका नको होता.

“मंग पुढच्या खोक्यातूनच तुमच्यासाठी वायर ओढतो,” मधुभाऊ म्हणाले. “पण एका खोक्यातून दोन टीव्ही चालवले का जे पुढं लागन, तेच तुमच्याकडं लागन. रिमोट पुढच्याच्या हाती. चालन का?”

“मले चालते. मी कुठी पाह्यते? भाकरी करता करता ऐकतेच फक्त.”

“झालं. एक खोका वाचला.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, तुम्ही शाळेत जाता. पुढच्या खोलीत रेकॉर्डिंगवाला घ्या. हुकलेलं मागून पाहाता येते, चालू असलेलं थांबवता येते. माडीवर या भाऊले साधा चांगला. अन् आबाच्या खोलीत सगळ्यात गरीब खोका.”

“बाबांच्या खोलीत गरीब?” प्रशांत पुन्हा चिडला.

“ज्याच्या रिमोटवर बटना कमी अन् मोठ्या, तो गरीबच असते, भाऊ. डाव्या हाताचा एक अंगठा चालते आबाचा. त्याले भारी खोका काय कराचा? खोका माणसाच्या ऐपतीचा नाई, अंगठ्याच्या ऐपतीचा घ्यावा लागते.”

मग ते बाबांच्या खुर्चीसमोर उकिडवे बसले. “आबा, कीर्तन लावू का बातम्या?” विचारलं आणि गप्प राहिले. आजारानंतर कोणीही बाबांना प्रश्न विचारला, की आमच्यापैकी कोणीतरी उत्तर देऊन टाकायचं. आईनं तोंड उघडलं, तसं मधुभाऊंनी मान न वळवता तिला हातानं थांबवलं. खूप वेळ गेला. बाबांच्या घशातून एक आवाज आला, त्यात ‘बा’ होता. “बातम्या,” मधुभाऊ म्हणाले आणि उठले. त्यांनी बातम्यांचा मराठी चॅनल एकाच बटनावर बसवला, आईकडून टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं आणि त्या बटनावर एक जाड लाल टिकली चिकटवली. बाबांचा अंगठा चाचपडत तिच्यापर्यंत गेला. टीव्हीवर निवेदिका बोलायला लागली आणि बाबांचा अर्धा चेहरा हसला. दुसरा अर्धा हसू शकत नव्हता.

मग एक गोष्ट मला दिसली, पण तेव्हा तिचा अर्थ लागला नाही. काम संपलं होतं. अवजारांची पिशवी बांधून झाली होती. तरी मधुभाऊ हातात पक्कड धरून बातम्यांपुढं उभे राहिले ते पूर्ण बातमीपत्र संपेपर्यंत. मला वाटलं, चित्र नीट येतंय का ते बघत असतील.

त्यानंतर ते येतच राहिले. वाऱ्यानं डिशची छत्री हलली, माकडानं वायर ओढली, असं काहीतरी आमच्या भागात नेहमी होतं. इथला कोणताही कारागीर ‘उद्या येतो’ म्हणाला, की तो उद्या कोणत्या आठवड्यातला ते विचारावं लागतं. मधुभाऊंचा मात्र साडेअकराचा शब्द म्हणजे साडेअकरा. एकदा भर पावसात, गुडघाभर चिखलात फटफटी ढकलत ते वेळेवर आले, तेव्हा आई म्हणाली, “भाऊ, थोडा उशीर झाला असता तं काय बिघडलं असतं?”

“बिघडते, बाई,” ते म्हणाले. एवढंच. चहाही न घेता छतावर गेले.

बाबांच्या खाटेपाशी मात्र ते निवांत बसत, आणि बाबांना हसवण्यासाठी गोष्टी सांगत. मोहर्लीच्या एका लॉजवाल्याची गोष्ट बाबांना फार आवडायची. त्या माणसाला आठ खोल्यांत आठ टीव्ही लावायचे होते, पण खोका एकच घ्यायचा होता. “मी म्हटलं, साहेब, मंग तुमचा मॅनेजर काउंटरवर जे लावन, तेच आठही खोल्यांत दिसन. तो म्हणे, चालते, लोक वाघ पाहाले येतेत, टीव्ही पाहाले थोडीच येतेत? लावून देल्ला. चार दिवसानं फोन. म्हणे, मधुभाऊ, पुण्याची फॅमिली भांडून राह्यली. पाहुणे कार्टून पाहून राह्यले होते अन् मॅनेजरनं कुस्ती लावली!” बाबांचे खांदे हलायचे. “मंग सात खोके वाढवले. अन् एक मी सांगून लावला, गाडीच्या ड्रायव्हरायच्या खोलीत. मालक म्हणे, त्यायले कशाले? म्हटलं, थे माणूस चार वाजता उठून तुमच्या पाहुण्यायले वाघ दाखवते. दुपारी एक तास तं रिमोट त्याच्या हाती असू द्या.”

पुढच्या उन्हाळ्यात बाबांच्या रिमोटच्या टिकलीखालचं बटन बसलं. मधुभाऊंचा फोन लागेना, म्हणून मी शाळेतून येताना त्यांच्या घरी गेले. राइस मिलच्या मागं, दोन खोल्यांचं कौलारू घर. पुढच्या खोलीत टीव्ही होता आणि मागच्या खोलीतूनही दुसऱ्या टीव्हीचा आवाज येत होता. छत्रीवरून दोन वेगळ्या वायरी उतरल्या होत्या. माणसं घरात दोनच. ते आणि त्यांची आई भागाबाई. मधुभाऊंनी लग्न केलं नव्हतं.

मी गमतीनं म्हटलं, “आम्हाला सांगता एका खोक्यात दोन टीव्ही चालतात. आणि तुमच्याकडे दोन खोल्यांना दोन खोके?”

त्यांनी मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. रिमोट उघडून त्यातलं रबर पुसत, मान वर न करता बोलायला लागले.

“इकडं मी पाह्यतो थे मायले दिसू नये, म्हणून दोन. तिच्या खोक्यावर मी बातम्यायले कुलूप लावलं आहे. चार आकडे दाबल्याबिगर उघडत नाई. तिले सिरियल, देवाचं, गाण्याचं, सारं दिसते. बातम्या तेवढ्या नाई.”

“का?”

“मले लहान बहीण आहे. वेणू.”

‘होती’ नव्हे, ‘आहे’. ते माझ्या लक्षात आलं.

त्यांचं मूळ गाव धानोऱ्याच्या पुढं, जंगलात. वडील लवकर गेले. मधुभाऊ तेव्हा वडशाला एका नाटक मंडळीत कामाला होते. हिवाळाभर गावोगाव भोंगे चढवायचे आणि उतरवायचे. वेणू सतरा वर्षांची होती, आश्रमशाळेतून नुकतीच बाहेर पडलेली. तिला गावात राहायचं नव्हतं. शिवणाचा क्लास लावायचा होता, वडसा बघायचं होतं, नाटक बघायचं होतं. दिवाळीला मधुभाऊंनी तिला सांगितलं होतं, पुढच्या सोमवारी येतो आणि तुला घेऊन जातो. तेव्हा गावात बंदुका घेतलेली माणसं येत, सभा घेत आणि पोरापोरींना बरोबर चला म्हणत. सगळ्यांना ते माहीत होतं.

“सोमवारी नाटक वाढलं. मालक म्हणे, एवढा एक खेळ होऊ दे. मंग अजून एक. मी आठ दिवस उशिरा गेलो, बाई.” त्यांनी रिमोटचं झाकण लावलं. “वेणू चार दिवस बसथांब्यावर येऊन बसली म्हणे, पिशवी घेऊन. पाचव्या दिवशी थे लोक आले, अन् त्यायच्या संगं जंगलात गेली. सारे म्हणतेत, नेली. मी म्हणतो, गेली. जो वेळेवर आला, त्याच्या संगं गेली.”

त्याला तेवीस वर्षं झाली होती. मधल्या काळात निरोप आला नाही, चिठ्ठी आली नाही. पोलिसांनी चौकशी केली, आईचा जीव घाबरायला लागला, म्हणून हे दोघं मूलला येऊन राहिले. तेव्हापासून ते बातम्या बघत होते. चकमक झाली की बघायचे, कोणी शरण आलं की बघायचे. “तिथी नाव बदलवतेत. नाव ऐकून कळत नाई. चेहराच पाहा लागते,” ते म्हणाले. “मायले असं एखाद्या दिवशी अचानक टीव्हीवर दिसलं, अन् थेही कसं दिसन काय माहीत. म्हणून कुलूप.”

मी घरी आले आणि रिमोट बाबांच्या हातात दिला.  तेव्हा कळलं, की हा माणूस गावभर छत्र्या का लावत फिरतो आणि काम संपल्यावरही बातम्यांपुढं का उभा राहतो.

पण मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी मधुभाऊंना ठाऊक नव्हती, आणि त्या दिवशी तिचाही उलगडा झाला. दर दोनचार दिवसांनी, दुपारी बाराच्या सुमारास, भागाबाई आमच्याकडे यायच्या. कधी अंबाडीची जुडी, कधी झणझणीत तिखट ठेचा घेऊन. “आबाले भेटाले आली,” म्हणायच्या आणि बाबांच्या खाटेशेजारी जमिनीवर बसायच्या. बाबांचा अंगठा लाल टिकलीवर जायचा. दोघं मिळून बातम्या बघायचे. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसरी बोलत नव्हती. बातम्या संपल्या की त्या उठायच्या. आई मला म्हणायची, म्हातारीला घरी एकटं करमत नसेल.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्या आल्या, तेव्हा मी दारातच त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी लगेच ओळखलं.

“मदूनं सांगतलं वाटते तुले,” त्या म्हणाल्या.

“मावशी, तुम्ही त्यासाठी इथं येता?”

“मंग कुठी जाऊ? घरी त्यानं कुलूप ठोकलं आहे.” त्या खाली बसल्या. “त्याले वाटते, माय मालिका पाह्यते, माय सुखी आहे. वाटू दे. तेवढंच एक समाधान आहे त्याच्या जवळ. तू सांगू नको त्याले. सांगशीन का?”

मी नाही म्हटलं. बाबांनी डाव्या हातानं माझा हात दाबला. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. ज्या जंगलात वेणू गेली, त्या जंगलातल्या वाटा बाबा पायानं ओळखत होते.

जवळजवळ दोन वर्षं मी ते पाळलं. मधुभाऊ यायचे, बाबांना हसवायचे, आईच्या हातचा चहा प्यायचे. दुपारी भागाबाई यायच्या. दोघंही एकाच छत्रीखाली एकमेकांपासून लपून एकाच मुलीला शोधत होते.

मग तो रविवार आला. दुपारी साडेबारा वाजता मधुभाऊ धापा टाकत आमच्या पुढच्या खोलीत आले. चपला काढायला विसरले होते. आमच्याच गल्लीत एका घरी नवा खोका लावून चित्र बघत असताना बातमी लागली होती. जंगलातून आलेले काही जण शरण आले, ओळीनं उभे होते, त्यात बायका होत्या. ते नीट बघेपर्यंत चित्र गेलं.

“बाई, एकच्या बातम्यात पुन्हा दाखवतीन. तुमच्या खोक्यात धरून ठेवता येते. लावू?”

“लावा.”

त्यांनी रिमोट घेतला. बटन दोनदा चुकलं. मग आम्ही बसून राहिलो. आईनं पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. जाहिराती लागल्या, हवामान लागलं, कापसाचे भाव लागले. एक वाजून आठ मिनिटांनी ती बातमी आली. दहाबारा माणसं, समोर टेबल, मागं हिरवी कनात. कॅमेरा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकला. मधुभाऊंनी बातमी संपू दिली, मग मागं घेतली आणि डावीकडून तिसऱ्या बाईवर थांबवली.

ती उंच, वाळलेली, चाळिशीची बाई होती. कोरी करकरीत निळी साडी नेसलेली; घडीच्या खुणा दिसत होत्या. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.

मधुभाऊ टीव्हीच्या इतके जवळ गेले, की त्यांचा श्वास काचेवर उमटला. पुन्हा मागं आले. डोळे चोळले. पुन्हा गेले.

“हीच का?” मी विचारलं.

“माहीत नाई.” ते खाली बसले. “बाई, मी तेवीस, चोवीस, पंचवीस वर्षं बातम्या पाह्यल्या. पण मी एका सतरा वर्षाच्या पोरीले शोधून राह्यलो होतो. हे बाई चाळीसची आहे. वेणू चाळीसची कशी दिसते, थे मले कोणी सांगतलंच नाई.”

ते रडले नाहीत. हात मांडीवर उताणे ठेवून बसून राहिले. समोर ती बाई तशीच उभी होती.

“मावशींना आणा,” मी म्हटलं. “त्या ओळखतील.”

“मायले? मायसाठीच तं मी दुसरा खोका—”

“मधुभाऊ, त्यांना सगळं माहीत आहे. त्या इथं येऊन बातम्या बघतात. बाबांबरोबर.”

दिलेला शब्द मी मोडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या खोलीकडे पाहिलं आणि बाहेर पडले. फटफटी सुरू झाल्याचा आवाज आला.

दहा मिनिटांत ते भागाबाईंना मागं बसवून घेऊन आले. वाटेत दोघं काय बोलले कोण जाणे. भागाबाई आत आल्या, तेव्हा आई आणि मी बाबांनाही खुर्चीसकट पुढच्या खोलीत आणलं होतं. म्हातारी टीव्हीसमोर उभी राहिली, एक हात कमरेवर.

“जराक मागं घे, मदू.” मधुभाऊंनी घेतलं. “आता पुढं. हळू.” ती बाई पुन्हा मधोमध आली. “थांब.”

 भागाबाईंनी तिच्याकडे बघितलं. आपण बाजारातून येणाऱ्या घरच्या माणसाकडे दुरून बघतो तसं, नुसतं ओळखीपुरतं नव्हे, तर दमली आहे का, जेवली आहे का असं.

“नोहे,” त्या म्हणाल्या. “माही नोहे.”

“माय, नीट पाह्य. पंचवीस वर्षं झाले—”

“पन्नास होऊ दे. माही नोहे.” मग त्या म्हणाल्या, “कोणाची तरी आहे. हिची माय जित्ती असन का? तिले कोणी दाखवली असन का?”  त्या माझ्याकडे वळल्या. “सोडा तिले, बाई. किती वेळची उभी ठेवली.”

मी बटन दाबलं. ती बाई हलली, मान खाली घालून बाजूला झाली आणि चित्र पुढं गेलं.

मधुभाऊ भिंतीला टेकले होते. “तुले सारं माहीत होतं,” ते म्हणाले.

“तुले आठ दिवस उशीर झाला, थे बी माहीत होतं,” भागाबाई म्हणाल्या. “मी कधी बोलली का? पाचव्या दिवशी तिले घरी धरून ठेवाचं मले जमलं नाई. तू एकटाच नाई चुकला, मदू.”

आणि मग ते रडले. पन्नाशीचा माणूस बाबांच्या खुर्चीपाशी बसून रडला, आणि बाबांनी चालता हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. आई आत गेली आणि तिनं सगळ्यांसाठी भात टाकला. त्या दिवशी ते दोघं आमच्याकडे जेवले.

त्या संध्याकाळी मधुभाऊंनी मागच्या खोलीतला खोका काढून टाकला. भागाबाईंची खाट पुढच्या खोलीत आली. पुढं मी कधी गेले तर दोघं एकाच टीव्हीपुढं दिसत. बातम्या लागल्या की चिरत असलेली भाजी बाजूला ठेवायची, संपल्या की पुन्हा घ्यायची. आता ते एकमेकांशी वेणूबद्दल बोलत. ती भातात अंबाडी कशी कालवायची, पावसाला कशी घाबरायची, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं. पंचवीस वर्षं त्या घरात तिचं नाव कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

दोन पावसाळे असे गेले. मग बाबा गेले. त्यांच्या खोलीतला टीव्ही मधुभाऊंनीच उतरवला आणि माझ्याकडे रिमोट देताना म्हणाले, “हा ठेवा. दुसऱ्या कोणाच्या अंगठ्याचा नाई हा.”

त्यानंतरच्या भाद्रपदात ते भामरागडकडच्या एका गावात आश्रमशाळेच्या वसतिगृहाला छत्री लावायला गेले. तीन दिवस तिथं राहिले. परत आले ते ताप घेऊन. मेंदूचा मलेरिया होता. चंद्रपूरला नेलं, पण चौथ्या दिवशी सगळं संपलं. शुद्ध जाण्याआधी ते प्रशांतला दोनदा म्हणाले, “किती वाजले? मले जाचं आहे.” कुठं, ते त्यांनी सांगितलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी भागाबाईंकडे गेले. त्यांना आमच्याकडे राहायला चला म्हणणार होते. आईनंच पाठवलं होतं. त्या टीव्हीपुढं बसल्या होत्या. टीव्ही बंद होता. खोका चालू कसा करायचा ते त्यांना येत होतं, पण वायर निसटल्यानं चित्र येत नव्हतं. मी वायर नीट बसवली. बातम्या लागल्या.

“मावशी, घरी चला ना. इथं एकट्या कशा राहाल?”

“एकटीच राहा लागन, बाई,” त्या म्हणाल्या. नजर टीव्हीवर होती. “इतके दिवस वाटे, मी मेली तं चालन. मदू आहे. वेणू आली तं तिले घरात घेवाले मदू आहे. आता मले मरता येत नाई. थे आली अन् भाऊ कुठी म्हणून विचारलं, तं तिले कोण सांगन?”

मी आईला फोन करून उशीर होईल असं सांगितलं, पिशवी दाराशी ठेवली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. बातमीपत्र अजून अर्धं बाकी होतं.